दाखला कुठून काढायचा, अर्ज कुठे करायचा: शहरातल्या आदिवासी कुटुंबांसाठी टप्प्याटप्प्याने

जून उजाडला की फोन सुरू होतात. मुलगा पुण्यात शिकतो, आई-वडील जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातले. किंवा बाप ठाण्यात वॉचमन, घर जव्हारकडे. नाहीतर मुलगी थेट आरेच्या पाड्यावरची. जमातीच्या दाखल्याचा नाहीतर शिष्यवृत्ती-वसतिगृहाचा अर्ज नामंजूर झालेला असतो. बहुतेक वेळा ते कुटुंब अपात्र नसतंच. अर्ज चुकीच्या कचेरीत गेलेला असतो, नाहीतर तिसऱ्या पायरीचा कागद पहिल्या पायरीवर मागितलेला असतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. तुम्ही आज कोणत्या शहरात राहता यावरून तुमची जमात ठरत नाही. ती ठरते ६ सप्टेंबर १९५० या दिवशी तुमचे आजोबा-पणजोबा कुठे राहत होते आणि तिथल्या दप्तरात काय लिहिलंय यावरून. योजना मात्र बऱ्याचदा आज तुम्ही जिथे शिकता वा राहता तिथून मिळते. म्हणजे दाखल्याचा तालुका एक, योजनेची कचेरी दुसरी. गोंधळाचं मूळ इथेच आहे.

## टप्पा १: तुम्ही कोणत्या गटात आहात ते ठरवा

गावाकडून शहरात आलेले. अकोले, सुरगाणा, शहापूर, धडगाव, मेळघाट, कुठूनही. तुमचा जमातीचा दाखला मूळ तालुक्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून, म्हणजे प्रांताकडून निघेल. तुमचा जन्म पुण्याच्या ससूनमध्ये झाला असला तरी.

शहरच ज्यांच्या दारात आलं असे. आरे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ठाण्याचं येऊर. इथले वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुठून स्थलांतर करून आलेले नाहीत. त्यांचं मूळ ठिकाण हेच. सेतूच्या खिडकीवर ‘तुमचं गाव कोणतं?’ असं विचारलं की घाबरून सासरचं नाहीतर मामाचं गाव सांगू नका. पाड्याचं नाव सांगा. एकदा चुकीचं मूळ गाव नोंदलं गेलं की पुढे तपासणीत तेच अंगावर येतं.

दुसऱ्या राज्यातून आलेले. झारखंडचा उराव किंवा ओडिशाचा संताळ मुंबईत वीस वर्षं राहिला तरी महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या सवलती त्याला लागू होत नाहीत. हा प्रश्न मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आंध्रातून लहानपणी आलेल्या एका विद्यार्थ्याला इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा हवी होती. १९९० मध्ये न्यायालयाने ‘नाही’ म्हटलं. वडिलांच्या मूळ राज्यातल्या दाखल्यावरून इथे दाखला मिळू शकतो, पण तो केंद्राच्या नोकऱ्या, केंद्रीय विद्यापीठं यांसाठी कामाला येतो. शिष्यवृत्तीसाठी मूळ राज्याकडेच अर्ज करायचा. झारखंडच्या मुलांसाठी त्यांच्या सरकारचं ई-कल्याण पोर्टल आहे. या गटातल्यांनी पुढचे टप्पे वाचून आशा लावू नये.

> तपासा: जमातीचं नाव यादीत जसं आहे तसंच तुमच्या कागदावर आहे का? ‘कोळी’ एवढंच लिहिलेलं पुरत नाही. ‘कोळी महादेव’, ‘कोळी मल्हार’, ‘टोकरे कोळी’ ही यादीतली नावं. मुंबईचे सोनकोळी अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. आणि फॉर्म भरणाऱ्याने ‘एसटी’ऐवजी ‘एनटी’वर (भटक्या जमातींवर) टिक केलंय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ऐकण्यातल्या या चुकीने गेलेली वर्षं मी पाहिली आहेत.

## टप्पा २: गावाची एक फेरी, पण तयारीने

दाखल्याच्या कामातला सगळ्यात जड भाग हाच. आणि लोक तो सर्वांत हलक्यात घेतात. गणपतीला गावी जातो तेव्हा आणतो, म्हणतात. गणपतीत तलाठी कार्यालय बंद, शाळा बंद, मुख्याध्यापक स्वतःच्या गावी. कामाच्या दिवसांतले सलग तीन दिवस काढा.

निघण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर वही घेऊन बसा आणि वंशावळ उतरवा. पणजोबा, त्यांचे भाऊ, आजोबा, आजोबांचे भाऊ, त्यांची मुलं. फक्त बापाकडची बाजू. चुलत आजोबा महत्त्वाचे. तुमच्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नसेल, पण त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षं आश्रमशाळेत बसला असेल. त्याची नोंद तुमचाच पुरावा.

आता गावात काय काय बघायचं:

1. जिल्हा परिषदेच्या शाळेचं जनरल रजिस्टर. शाळा सोडल्याचा दाखला नको, त्याआधी मूळ रजिस्टरचा उतारा मागा. दाखला आज छापलेला असतो. रजिस्टरमध्ये शाईने लिहिलेली जुनी नोंद असते आणि तपासणी समिती (दाखला खरा का ते ठरवणारी, टप्पा ४ बघा) तीच बघते. गावची शाळा १९५० नंतरची असेल तर आजूबाजूच्या जुन्या शाळेत विचारा.
2. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. जन्म-मृत्यूच्या नोंदी. ज्या घरात कोणीच शिकलं नाही, त्यांना हाच आधार. बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळतं. शोधण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि वर्षाचा अंदाज द्यावा लागतो, म्हणून वंशावळीत प्रत्येकाच्या जन्माचं अदमासे वर्ष लिहा. ‘मोठ्या दुष्काळाच्या साली’ एवढं आजीने सांगितलं तरी सुरुवात होते.
3. सातबारा, ८ अ, जुने फेरफार. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ किंवा ३६ अ चा उल्लेख आहे का बघा. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला देता येत नाही, ते हे कलम. तो उल्लेख म्हणजे हे खातं आदिवासीचं असल्याची महसूल दप्तराने दिलेली कबुलीच. लोक सातबारा आणतात आणि नेमकं हेच पान झेरॉक्समध्ये कापलं जातं.
4. वनहक्क कायद्याखालचा पट्टा, असल्यास.
5. भाऊबंदांपैकी कुणाचं वैधता प्रमाणपत्र, म्हणजे समितीने दाखला खरा ठरवल्याचा कागद. हे सापडलं तर निम्मा डोंगर चढलात. त्यांच्याकडून प्रमाणपत्राची प्रत, समितीच्या आदेशाची प्रत आणि तुमचं नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र, तिन्ही घ्या.

आरे-येऊरसारख्या पाड्यांवर सातबारा बहुतेकांच्या नावावर नसतो. तिथे पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेचं रजिस्टर, जुनी मतदार यादी, जन्मनोंद यांवर भर द्या. कातकऱ्यांचं आणखी अवघड. वीटभट्टीवर फिरतं जगणं, जमीन नाही, शाळा नाही. तरीही १९५० आधीचा कागद नाही म्हणून खिडकीवरूनच परत फिरू नका. स्थानिक चौकशी करून, ज्याला गृहचौकशी म्हणतात, दाखला देता येतो. तशी लेखी विनंती अर्जातच करा.

> इशारा, नावांबद्दल: रजिस्टरमध्ये ‘मंगळ्या लक्ष्या’ आणि आधारवर ‘मंगलदास लक्ष्मण’ असं सर्रास असतं. शहरात आल्यावर आडनाव बदललेलं असतं ते वेगळंच. यातली कोणतीही जुनी नोंद ‘दुरुस्त’ करून आणू नका. जुन्या कागदावरची नवी खाडाखोड समितीला लगेच दिसते आणि खरा माणूस खोटा ठरतो. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करा. सोबत पोलीस पाटलाचा किंवा सरपंचाचा दाखला जोडा. लग्न झालेल्या बाईने माहेरचेच कागद लावायचे, नाव बदलल्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणी किंवा राजपत्र.

## टप्पा ३: जमातीचा दाखला

अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून. मूळ तालुका निवडायचा, शहराचा नाही. पोर्टलवर ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘मूळ पत्ता’ वेगळे असतात. दोन्हीकडे पुण्याचा पत्ता टाकून अर्ज पुण्यातल्या प्रांताकडे गेला, की तीन आठवड्यांनी ‘कार्यक्षेत्राबाहेर’ असा शेरा येतो.

प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही. जात, उत्पन्न, वास्तव्य अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क शासनाने केव्हाच माफ केलं आहे. तरीही कचेरीबाहेरच्या टेबलावर तो विकत घ्यायला लावतात. आणि कोणी ‘नॉन क्रिमीलेअर पण आणा’ म्हणालं तर नम्रपणे सांगा, ते अनुसूचित जमातींना लागत नाही.

पोचपावतीवरचा क्रमांक आणि मुदत जपून ठेवा. मुदत उलटली तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येतं. दाखला नाकारला तर लेखी कारणं मागा. तोंडी ‘होत नाही’ याला काही अर्थ नाही, त्यावर अपील चालत नाही.

## टप्पा ४: वैधता (मुलगा अकरावीत असतानाच)

दाखला म्हणजे दावा, वैधता म्हणजे त्या दाव्यावरचा निकाल. इंजिनिअरिंग, मेडिकल, राखीव जागेवरची नोकरी किंवा निवडणूक, सगळीकडे वैधता लागते. आणि २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याप्रमाणे आपण त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर असतो. बारावीच्या निकालानंतर धावपळ सुरू करणारा मुलगा हमखास अडकतो.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे कचेरीची चूक. अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग यांच्या पडताळणीसाठी जिल्हा समित्या आहेत आणि त्या सामाजिक न्याय विभागाच्या. अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र समिती असते, ती आदिवासी विकास विभागाची: ‘अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती’. ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथे अशा समित्या आहेत. दाखला ज्या जिल्ह्यातून निघाला, त्या जिल्ह्याची समिती तुमची. मुलगी पुण्यात शिकते आणि दाखला अकोले तालुक्यातला असेल तर पुण्याची समिती तिचं प्रकरण घेणार नाही. (अकोले अहिल्यानगर जिल्ह्यातलं आणि अकोला विदर्भातलं; पोर्टलच्या यादीत बोट घसरलं की प्रकरण अमरावतीला पोहोचतं. हसू नका, झालेलं आहे.)

फाईल लावताना क्रम असा ठेवा: अर्ज, कॉलेजचं शिफारसपत्र, दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, मग जुन्यात जुना पुरावा आधी आणि नवा शेवटी. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने लिहा की हा माणूस वंशावळीत कोण. फाईल उघडणाऱ्याला तुमच्या घरातलं कोणी माहीत नसतं.

कागदांनी समाधान झालं नाही तर समिती दक्षता पथकाकडे चौकशी देते. पथक गावी जातं, शाळेचं रजिस्टर पुन्हा तपासतं, आणि घरच्यांना जमातीच्या चालीरीतींबद्दल विचारतं: लग्न कोण लावतं, देव कोणते, वाघबारस कशी करता, बोली येते का. शहरात वाढलेली मुलं इथे घाबरतात आणि एजंटाकडून प्रश्नोत्तरं पाठ करून येतात. वारली मुलीला धवलेरी (लग्न लावणारी बाई) माहीत नसेल तर ‘मी ठाण्यात वाढले, आमच्या घरातलं शेवटचं लग्न हॉलमध्ये झालं’ हे खरं उत्तर आहे, आणि ते चालतं. पाठ केलेलं उत्तर तिसऱ्या उपप्रश्नाला कोसळतं. स्थलांतराने आणि बदलत्या जगण्याने या खुणा पुसट होऊ शकतात, म्हणून केवळ या चाचणीवर दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलं. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात ते पुन्हा स्पष्ट केलं. जुन्या कागदांचं वजन जास्त.

> इशारा: ‘पन्नास हजारांत वैधता करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. खोट्या दाखल्याला वर सांगितलेल्या २००० च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे, आणि घेतलेली सवलत, पदवी, नोकरी परत जाते. एजंटाचं नाव फाईलवर कुठेच नसतं.

## टप्पा ५: दरवर्षी शिळे होणारे कागद

उत्पन्नाचा एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो. फेब्रुवारीत काढून ठेवलेला जूनमध्ये कामाचा नाही, एप्रिलनंतर काढा.

बँक खातं ‘आधारला लिंक आहे’ असं बँकेतला माणूस सांगतो तेवढ्यावर थांबू नका. थेट लाभाचे पैसे ज्या खात्यात आधार शेवटचं सीड झालं, म्हणजे जोडलं गेलं, तिथे जातात. मुलाने मध्ये मोबाईलवरून दुसरं खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे पडतात, आणि ते खातं बंद असेल तर परत जातात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, स्क्रीनचा फोटो फाईलला लावा.

## टप्पा ६: आता योजना, आणि योग्य प्रकल्प कार्यालय

आदिवासी विकास विभागाची कामं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांतून चालतात. शहरातल्या माणसाला ही कार्यालयं सापडत नाहीत, कारण ती बहुधा शहरात नसतातच. पुणे जिल्ह्याचं घोडेगावला, ठाणे जिल्ह्याचं शहापूरला, रायगडचं पेणला. पालघरसाठी जव्हार आणि डहाणू. कॉलेज शिवाजीनगरला असलं तरी वसतिगृहाच्या कामाला घोडेगावची एसटी पकडावी लागते.

वसतिगृह आणि स्वयंम. वसतिगृहाचा अर्ज आधी करायचा. जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे: बारावीनंतरच्या शिक्षणासाठी जेवण, राहणं आणि निर्वाहाचे पैसे थेट खात्यात. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथे वर्षाला ६०,००० रुपये, इतर मोठ्या महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं.

आणि आता ती अट, जी शहरातल्या कुटुंबांना गारद करते. पालक ज्या शहरात राहतात तिथेच कॉलेज असेल तर स्वयंम मिळत नाही. आई-वडील जुन्नरला आणि मुलगा पुण्यात, तर पात्र. आई-वडील पिंपरीत भाड्याने आणि मुलगा पिंपरीतच शिकतो, तर नाही. काही जण यावर तोडगा म्हणून गावचं रेशनकार्ड दाखवतात. कुटुंब खरोखर गावी राहत असेल तर ठीकच. नसेल तर तपासणीत वीजबिल, बापाची नोकरी आणि धाकट्या भावाची पिंपरीतली शाळा हे सगळं दिसतं. उलट बाजूही आहे. आई-वडील गावीच असताना फक्त स्वस्त धान्यासाठी शहरात नवं कार्ड काढू नका. गावच्या कार्डावर शहरातल्या दुकानातून धान्य मिळतं, आणि कार्ड हलवलं की कुटुंब कागदावर शहरवासी होतं.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. शहरातच राहणाऱ्यांसाठी हीच मुख्य. इथेही उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा. घरी राहणाऱ्याने ‘अनिवासी’ निवडायचं. दुसऱ्या वर्षी नवा अर्ज न भरता नूतनीकरण करायचं. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि बहुतेक तिथेच झोपतो. दर पंधरा दिवसांनी स्थिती बघा. ‘संस्था स्तरावर प्रलंबित’ दिसलं तर प्रकल्प कार्यालयात जाऊन उपयोग नाही, कॉलेजच्या क्लार्कसमोर उभं राहा.

घरकुल. शबरी आदिवासी घरकुल योजना ग्रामीण म्हणूनच लोकांना माहीत आहे. २०२३ मध्ये शहरी भागासाठीही ती मंजूर झाली, अडीच लाखांपर्यंत मदत. पण स्वतःची जागा किंवा स्वतःचं कच्चं घर हवं. भाड्याच्या खोलीवर किंवा वनखात्याच्या जमिनीवरल्या झोपडीवर ती चालत नाही. पाड्यांवरच्या लोकांनी आधी जागेच्या हक्काचं बघावं.

## टप्पा ७: नाकारलं तर

प्रांताने दाखला नाकारला तर तीस दिवसांत अपील. वैधता समितीने नाकारलं तर वर कोणतीही कचेरी नाही, थेट उच्च न्यायालयात रिट याचिका. मंत्र्यांच्या जनता दरबारात निवेदन देऊन समितीचा आदेश बदलत नाही. त्यात फक्त महिने जातात.

म्हणून समितीपुढे असतानाच न्यायालयाची फाईल तयार होत असते असं समजा. दक्षता पथकाचा अहवाल तुमच्या विरोधात असेल तर त्याची प्रत मागा आणि प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर द्या. ‘चुलत आजोबांच्या नोंदीत फक्त हिंदू लिहिलंय’ असं अहवालात असेल तर त्याच आजोबांच्या सातबाऱ्यावरचा ३६ अ चा उल्लेख उत्तराला जोडा. सुनावणीला गेल्याची नोंद रोजनाम्यात (सुनावणीच्या नोंदीत) घेतली का, ते बघून सही करा. बापाकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाला वैधता मिळालेली असेल आणि तरी तुम्हाला नाकारलं असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१० च्या अपूर्वा निचळे निकालाचा आधार घ्या. तशा स्थितीत समितीने सहसा वैधता द्यायला हवी असं त्यात म्हटलं आहे.

वकिलाच्या खर्चाला घाबरून इथे बरेच जण थांबतात. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. उच्च न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करा. सोबत न्यायच्या गोष्टी: समितीच्या आदेशाची प्रमाणित प्रत, जमातीचा दाखला, दक्षता अहवाल, त्याला दिलेलं उत्तर आणि आजीसमोर बसून उतरवलेली ती वंशावळ.